दातिवरे किती लांब

मथुराताईचे पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी तुळशीदास मास्तरांचे उत्तर गेले नव्हते. त्यांनी लिहिले बऱ्याचदा होते, पाठवले मात्र एकदाही नाही. पत्र शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेले, पाच-सहा ओळींचे. डोळ्यांना अंधुक दिसते. अजून माणूस ओळखू येतो, पुढचे सांगता येत नाही. दिवाळी झाली की मुलगा बडोद्याला घेऊन जाणार, मग इकडे येणे होईलसे वाटत नाही. आणि शेवटी: "हे गेले तेव्हाही तू आला नाहीस. दातिवरे असे किती लांब आहे रे?"

मास्तरांनी सारी नोकरी शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवली होती. प्रश्न आला की त्यांना उत्तर काढावेसे वाटे. त्यांनी ओटीच्या भिंतीवरचा ठाणे जिल्ह्याचा जुना नकाशा खाली उतरवला आणि बायकोच्या फुलांच्या परडीतला दोरा घेतला. टोक अर्नाळ्यावर दाबले. तिथून विरार, मग रुळांच्या रेषेवरून सफाळे, मग एस.टी.च्या रस्त्याने वळत वळत दातिवरे. वीतभर दोरा लागला. मग तोच दोरा वैतरणेच्या मुखावरून सरळ पलीकडे ताणला. अंगठ्याच्या पेराएवढा.

"माझा दोरा कुठे गेला म्हणते मी," प्रेमलाबाई कागड्याच्या फुलांची परडी कमरेवर घेऊन बाहेर आल्या. "हे काय चाललंय?"

"दातिवरे मोजतोय."

"आहे ना अजून जागच्या जागी?"

मास्तर हसले नाहीत. "जागा सांगायची तर कुठून मोजायचं ते आधी ठरवावं लागतं. त्याला स्थान म्हणतात. हा वीतभर दोरा म्हणजे अंतर. माणूस जेवढी वाट चालतो तेवढी सगळी. आणि हे पेर म्हणजे विस्थापन. निघाला कुठून, पोचला कुठे, त्यामधली सरळ रेघ आणि तिची दिशा. मधल्या चालण्याला त्यात जागा नाही."

"मग वन्संना काय कळवणार? वीत की पेर?"

"तेच ठरत नाही."

"तीन आठवडे?"

मास्तर दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "मी गेलो होतो," ते हळूच म्हणाले.

"कुठे?"

"दातिवऱ्याला. भावोजी गेले तेव्हा. तू आपल्या हंसाच्या बाळंतपणाला गेली होतीस. तुला नंतर म्हटलं, ताप आला म्हणून जमलं नाही. ताप नव्हता."

प्रेमलाबाईंनी परडी खाली ठेवली.

"आळीच्या तोंडापर्यंत पोचलो. अंगणात माणसं बसली होती, मधे ताई. काय बोलायचं ते गाडीत जुळवून ठेवलं होतं, ते आठवेना. म्हटलं, वडाखाली जरा उभं राहू, आठवलं की जाऊ."

"मग?"

"शेवटची एस.टी. निघाली."

परसात रहाटाच्या जागी बसवलेला पंप घरघरत होता.

"म्हणजे दिवसभर पायपीट केलीत," प्रेमलाबाई म्हणाल्या, "आणि वन्संच्या लेखी..."

"शून्य. निघालो तिथेच परत. परीक्षेत हा प्रश्न मी दरवर्षी घालायचो. सोपा म्हणून."

प्रेमलाबाई पायरीवर टेकल्या. त्यांनी दोऱ्याचे मोकळे टोक ओढून घेतले आणि त्यात फुले बांधायला सुरुवात केली. दुसरे टोक मास्तरांच्या बोटाला होते, त्यामुळे त्यांना हात पुढे करून बसावे लागले.

"हिरामणचा मचवा रविवारी पलीकडे जातो," गाठ मारता मारता त्या म्हणाल्या. "वन्संच्या घरामागच्या वाळूतच लागतो. मधे आळी नाही, वड नाही."

"मला बोट लागते, ठाऊक आहे ना तुला?"

"लागू दे. तुम्हाला उतरवून मचवा गेला की संध्याकाळच्या भरतीशिवाय फिरत नाही. वाळूत उभे राहून राहून किती राहाल? वन्संच्या घरचं कुत्रंच भुंकून त्यांना बाहेर काढील."

आता मात्र मास्तरांना हसू आले. बोटाचा दोरा सोडवून ते आत गेले आणि पंधरा पैशांचे कार्ड घेऊन आले. या खेपेला फाडाफाड झाली नाही. त्यांनी लिहिले:

"ती. ताईस सा. न. दातिवरे लांब नाही. मी रविवारी मचव्याने येतो. मागे एकदा तुझ्या आळीच्या तोंडापर्यंत आलो होतो. ते समोर बसून सांगेन. तुळशीदास."

गजरे द्यायला प्रेमलाबाई बाजारात निघाल्या, तेव्हा तेही सोबत निघाले. पोस्टाच्या पेटीजवळ त्या थांबल्या.

"आज शुक्रवार," त्या म्हणाल्या. "हे कार्ड विरारला जाणार, सफाळ्याला जाणार, सोमवारशिवाय काही वन्संच्या हातात पडत नाही. तुम्ही तर रविवारीच तिथे. मग टाकता कशाला?"

मास्तर कार्ड पेटीच्या तोंडात धरून जरा वेळ उभे राहिले.

"ते आळीच्या तोंडाहून परत येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी बोटे उघडली.