गाडीत बाळ आहे

ट्रकचा हॉर्न इतका जवळून वाजला की मागच्या सीटवरचं बाळ झोपेतून दचकून रडायलाच लागलं. बाबांनी उजवीकडे वळवलेलं स्टिअरिंग गर्रकन डावीकडे ओढलं. उजव्या खिडकीला जवळजवळ घासत ट्रकची लांबच लांब भिंत पुढे सरकत गेली. ती संपली, तेव्हा कुठे शेजारी बसलेल्या लेकीचा श्वास सुटला.

बाबांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"दिवा लागला नाही," ते म्हणाले.

"कुठला दिवा?"

"आरशातला गं." त्यांनी उजव्या आरशाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "बाजूला, मागे कुणी आलं की लागतो. नाही लागला म्हणजे रस्ता मोकळा. आजवर एकदाही चुकला नाही."

दोघं उतरून मागे गेले. बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर तिनंच काल लावलेलं स्टिकर उन्हात चकाकत होतं. 'गाडीत बाळ आहे.' लांबूनही दिसावं म्हणून मुद्दाम शोधून आणलेलं, चंदेरी पत्र्यासारखं.

"घ्या!" बाबा वाकून म्हणाले. "याच्याच आत रडार बसवलंय. ते लहरी सोडतं, मागून येणाऱ्यावर त्या आपटून परत आल्या की दिवा पेटतो. तू त्याचं तोंडच बांधलंस, ठमे."

"मला काय स्वप्न पडलं होतं?" ती स्टिकर नखानं खरवडू लागली. "आणि दिवा नाही लागला तर नाही लागला! मान वळवून बघायचं ना, बाबा. शिकवताना मी मान वळवली नाही की टपली मारायचात तुम्ही."

"वळवली होती."

"मग?"

स्टिकरचा सुटलेला कोपरा बाबा अंगठ्यानं उगीच दाबत राहिले.

"बाबा, ट्रक होता तो. चिलट नव्हतं."

"वळवली होती गं." त्यांचा आवाज खाली आला. "उजव्या डोळ्याला धुकं दिसतं. समोरचं लख्ख, या बाजूचं सगळं पुसलेलं. बरेच महिने झाले."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच नाही. गेलो तर म्हणणार, गाडी सोडा. मग गुंड्याला पाळणाघरात कोण नेणार? तुझी सकाळी ही पळापळ, जावई परगावी. मला तरी आता दुसरं काय काम उरलंय?"

तिच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. रोज सकाळी दारात उभं राहून तिनं याच गाडीला हात हलवला होता. आतून बाळाचा सूर आणखी चढला, तसं ते सगळं तिनं गिळलं. तिनं नुसता हात पुढे केला.

बाबांनी किल्ली मुठीत धरून ठेवली. मग तिच्या तळव्यावर ठेवली.

"बाळंतपणानंतर हात लावला नाहीयेस गाडीला."

"टपल्या खाऊन शिकलेय. विसरेन कशी?"

ते पुढचं दार उघडू लागले.

"तुम्ही मागे बसा. रडतोय ना तो."

बाळाची खुर्ची चालकाच्या मागे होती. बाबा खुर्चीच्या डाव्या बाजूला, अंग चोरून बसले. तिनं सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, इंडिकेटर दिला, पार खांद्यामागे मान वळवून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग गाडी रस्त्यावर घेतली.

पहिल्या सिग्नलला थांबल्यावर तिनं वरच्या आरशात पाहिलं. रडणं केव्हाच थांबलं होतं. बाळानं चघळून ओलं केलेलं बिस्किट आजोबांच्या तोंडापाशी धरलं होतं. आजोबा सरळ समोर बघत होते. इवलासा हात तसाच ताटकळला होता.

"बाबा, उजवीकडे."

त्यांनी अख्खी मान वळवली आणि आ केला.