निळा ओटा

ज्ञानदानाइतकं पवित्र कार्य दुसरं नाही. सुलभा टिपणीस ते दहा ते सहा करत असे, म्हणजे आगीपासून बचावाच्या ऑनलाइन प्रशिक्षणात चित्रं घालत असे. प्रशिक्षण आता कुणी बघत नसे. कर्मचाऱ्यांच्या कानामागच्या चकतीतून ते थेट आठवणीत उतरे. एकदा कंटाळून तिने आईच्याच स्वयंपाकघराचा फोटो घातला. निळा ओटा, खिडकीत गवती चहाची कुंडी.

महिन्याभरात चाळीस हजार कर्मचाऱ्यांना ते आपलंच घर वाटू लागलं.

"टिपणीसबाई, लोक घरच्या आठवणीने रजा मागतायत," साठेसाहेब म्हणाले. "चित्र बदला."

"चाचणी माझ्यावरच केली होती, साहेब. नवं चित्र जुन्या आठवणीच्या जागीच बसतं. बदललं की माझ्याही डोक्यातलं ते स्वयंपाकघर पुसलं जाईल."

"फोटो आहे ना?"

"फोटोत आई नाहीये."

साहेब जरा विरघळले. "प्रशिक्षणानंतरच्या परीक्षेचा निकाल बघू. बरा असेल तर राहू दे."

निकाल आला. गवती चहा सगळ्यांना आठवत होता. आग विझवायचा लाल सिलिंडर कुठे होता, हे एकालाही सांगता आलं नव्हतं.

सुलभालाही आठवेना. तिने चित्र उघडून पाहिलं. सिलिंडर घालायचाच राहिला होता.