उमाच्या जन्माची साक्ष

"माई, ही मुलगी पैदा झाली तेव्हा तुम्ही तिथं होता?" लालवानी वकिलाने विचारलं.

"मीच होते," ठमाबाई म्हणाली. "दुसरं कोन येनार होतं?"

उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर पत्र्याखाली वकिलाचं टेबल होतं. समोरच्या बाकावर शिवराम आणि ठमाबाई. ठमाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शिवराम तर उजाडायच्या आधीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता, जणू मुलाखत त्याचीच होती.

मुलाखत होती त्याच्या मुलीची, उमाची, पुढच्या मंगळवारी. उमा अबू धाबीला नर्स होती. तिथल्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या रंजितशी तिने लग्न केलं होतं. तो मूळचा श्रीलंकेचा, बौद्ध, आणि आता अमेरिकेचा नागरिक. त्याची बायको म्हणून उमाला अमेरिकेत कायम राहायचा व्हिसा मिळायचा होता. दोघं राहत होती अबू धाबीत, म्हणून अर्जही तिथल्याच अमेरिकी वकिलातीत केला होता. सगळे कागद जमले होते. नव्हता फक्त जन्माचा दाखला. सहासष्ट साली खरवई गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोरांची नोंद करायला कोण जात होतं? वकिलातीने कळवलं, नोंद नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालेल. उमाची आई राजाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. शिवराम स्वतः त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर होता. उरली ठमाबाई. आणि अबू धाबीला निघालेला ओळखीचा एक जण आज संध्याकाळी कागद न्यायला येणार होता.

वकिलाने टाइपरायटरमध्ये कागद चढवला. ठमाबाईचं नाव, वय, गाव झालं.

"मुलीच्या आईशी नातं काय लिहू?"

ठमाबाईने पदर सारखा केला. त्या काळी गावातली बाई वस्तीत पाऊल टाकत नसे. त्या दिवशी ती बांधावर गवत कापत होती, राजाबाईचं कण्हणं ऐकलं आणि विळा तसाच टाकून धावली. घरी सासूला मात्र गवताला उशीर झाला एवढंच सांगितलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं ही गोष्ट तिने घरात कुणाजवळ काढली नव्हती.

"शेजारीन लिवा," ती म्हणाली.

शिवरामने मान खाली घातली. वकील टाइप करत होता. मग त्याने शाळेचा दाखला डोळ्यांजवळ धरला. "जन्म एक जून. बरोबर?"

"नाय. दसऱ्याला झाली ती. भात पिवळं पडलं होतं."

शिवराम बाकावरून पुढे सरकला. हे तिला आधी सांगायचंच राहिलं होतं. तो घाईघाईने समजावू लागला, की शाळेत मास्तरांनी सगळ्याच पोरांची तारीख एक जून लावली, पुढे नर्सिंगला तीच लागली, पासपोर्टावरही तीच आली. आता काकींनी वेगळं सांगितलं तर पोरीचं सगळंच अडेल.

"डेटमधी गडबड झाली तर केस लटकेल, माई," वकीलही म्हणाला.

ठमाबाईने अंगठ्यासाठी पुढे केलेला हात पदराखाली घेतला. "शिवराम, तुझी पोर जाऊ दे अमेरिकेला, मला आनंदच हाय. पन अंगठा माझा हाय. जे पायलं नाय ते मी सांगनार नाय."

एवढ्या लांबचा व्हिसा या म्हातारीच्या अंगठ्याशी येऊन थांबला होता, आणि ती खोटं बोलत नव्हती.

वकिलाने कागद ओढून काढला, नवा चढवला. बराच वेळ टाइप करत राहिला. मग मराठीत वाचून दाखवलं. पहिल्या कलमात ठमाबाईने पाहिलेलं होतं: राजाबाईच्या पोटी, खरवईच्या वस्तीत, तिच्यासमोर मुलगी झाली आणि तिने स्वतः नाळ कापली. दुसऱ्यात एवढंच, की शाळेत आणि पासपोर्टावर जन्मतारीख एक जून आहे.

"आनि दसरा?"

"दसरा त्यांनी विचारला नाही, माई. आईबाप कोण आणि बघितलं कोणी, हे विचारलंय."

"म्हंजी जून मी सांगितला असं होत नाय ना?"

"नाही. जून शाळेने सांगितला."

ठमाबाईने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर असा जोर देऊन उठवला की टेबल हललं.

शिवराम तिला घेऊन जवळजवळ पळतच समोरच्या फोनच्या बूथवर गेला. ठरल्याप्रमाणे उमा तिकडे फोनजवळ बसून होती. त्याने प्रतिज्ञापत्राच्या ओळी एक एक करत वाचल्या. इंग्रजी शब्दांवर अडखळला, पण थांबला नाही.

"हेच हवं होतं, बाबा," उमा म्हणाली. "अगदी हेच. पण या बाई कोण?"

मग बूथमध्ये उभ्याउभ्याच त्याने ते सांगितलं, जे त्याला स्वतःला राजाबाईकडून कळलं होतं आणि मुलीला सांगायचं कधी सुचलं नव्हतं. बांध, विळा, सासू. सांगून झाल्यावर त्याने रिसीव्हर ठमाबाईच्या कानाला लावला.

ठमाबाई ऐकत राहिली. पलीकडून काहीच येत नव्हतं. शिवरामला वाटलं लाइन गेली. तो रिसीव्हर घ्यायला पुढे झाला, तशी तिने त्याचा हात बाजूला केला.

"जन्मली तवाबी अशीच गप होती," ती म्हणाली. "थांब जरा. आता रडंल."