पाखरांसाठी पाणी

बायका बांधावर चढल्या तसं मुकादम गोपीनाथनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू चाला. पाखरं उडतील."

आवडाबाई सगळ्यांच्या पुढं होती. तिनं खाली पाहिलं आणि तिचा पाय जागीच थांबला. काल संध्याकाळी ओट्यासारखा कोरडा, टणक करून ठेवलेला मिठाचा वाफा पाण्यानं भरला होता. घोटा बुडेल एवढं पाणी. त्यावर शे-दीडशे बदकं उतरली होती. पळीसारख्या चपट्या चोचींची, दर हिवाळ्याला उत्तरेकडून कोपरीच्या खाडीवर येणारी. चोची पाण्यात घालून ती निवांत चरत होती.

"पानी कुनी सोरला?" तिनं विचारलं.

"मीच बांधाच्या उघाडीची फली काढली, भरतीच्या येलंला," गोपीनाथ कुजबुजला. "शेटचा हुकूम. मुंबयचे पाहुने आलेत शिकारीला. पाखरांना बसाला पानी नको?"

मिठाचा वाफा नुसता खणून होत नाही. पाऊस सरला की बायकांनी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं उभं राहायचं आणि टाचा मारीत चिखल तुडवायचा. रोज. तेव्हा कुठं तळ मीठ धरण्याजोगा होतो. अकरा बायकांनी पंचवीस दिवस तुडवून हा वाफा केला होता. आज मुकादम तो पाहणार होता आणि पंचवीस दिवसांची हजेरी एकदम वहीत मांडणार होता. तयार वाफ्याचीच हजेरी, हा शेटचा नियम.

आठ दिवस मिठागरावर निराळीच धावपळ चालली होती. मिठाची वखार रिकामी करून तिला चुना दिला, आत खाटा टाकल्या. कोपरीच्या विहिरीवरून गोड्या पाण्याची दोन पिंपं बैलगाडीनं आली. बांधाच्या कडेला गवतानं शाकारलेलं खोपटं उभं राहिलं. बायका तीन वर्षं एक मडकं पाणी आणि सावलीला एक छप्पर मागत होत्या. तीन वर्षं शेटला गाडी मिळत नव्हती. त्यामुळं बायकांना वाटलं, देवानं शेटला एकदाची बुद्धी दिली. हौसाबाईनं तर खोपट्याच्या खांबाला हळद-कुंकू लावलं होतं, ओल्या बोटांनी, चांगलं ठळक.

आता त्याच खोपट्याच्या गवतातून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या. आत कुणीतरी हळूच खोकलं.

"बया!" हौसाबाई म्हणाली. "गोरं गेलं, पन बंदुका हितंच इसरून गेलं."

मागच्या दोघीतिघी फिसकन हसल्या. आवडाबाई हसली नाही.

"गोप्या, आमचे पंचवीस दिवस?"

"दोन दिस कळ काढ, काकी. पाहुने गेले का पानी काढू. परत पाय मारा."

"मी हजेरीचा इचारते."

"वाफाच नाय तर हजेरी कसली मांडू? नव्यानं धरू ना."

"तुजी आय याच वाफ्यान पाय मारून म्हातारी झाली. तिच्या टाचंच्या भेगांन मीठ जायचा, आनि तू बारका होतास तवा फुंकर घालत बसाचास. इसरलास?"

गोपीनाथनं हात जोडले. "हळू बोल गं! तुज्या पाया परतो. उजेड होतोय, आता बार निघल."

आवडाबाईचा राग नरड्याशी आला होता. तिला ओरडायचं होतं. तीन वर्षांचं सगळं, एका दमात, खाडीपलीकडं ऐकू जाईल असं. तिनं ते गिळलं. लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती बांधावरून खाली पाण्यात उतरली.

"काकी! कयं चाललीस?"

"कामावर."

तिनं टाच मारली. कालचा टणक तळ लोण्यासारखा खचला आणि चिखल पोटरीपर्यंत आला. तिचे डोळे भरले, पण तिनं दुसरी टाच मारली. जवळची बदकं मान वर करून बघू लागली. तिच्या खांद्यावर हात पडला. हौसाबाई होती. मग तिच्या मागं तिसरी. मग उरलेल्या सगळ्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. रांग खोपट्याच्या समोरून सरकू लागली, नळ्यांपासून वीस हातांवर.

धप्. धप्. धप्.

बदकं एकदम उठली. साऱ्या वाफ्याचं पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. बायकांच्या डोक्यांवरून एक फेरा घेऊन ती खाडीच्या मध्याकडं निघून गेली. बार एकही निघाला नाही. नळ्यांसमोर बायका होत्या.

खोपट्यातून टोपीवाला पाहुणा वाकून बाहेर आला. तोल सावरायला त्यानं खांबाला धरलं. तळहात लाल झालेला पाहून तो दचकला आणि रुमालानं खसाखसा पुसू लागला.

आता कुठं गोपीनाथला आवाज फुटला. "आवडे! भाईर निघ! सगल्या भाईर निघा! शेट माना जित्ता ठेवाचा नाय!"

"वरड," आवडाबाई म्हणाली. तिची टाच थांबली नव्हती. "आता उडाला कोनी नाय राहिला. चांगला मोठ्यानं वरड. वही काढ नि आमची नावं घे. पयला माजा."