पहिला डबा

“दर संकष्टीला पहिला डबा भिकाजीचा भर, एकटा जीव आहे तो,” ड्यूटीवर निघताना कुमुदताईंच्या हवालदार यजमानांनी बजावलं होतं. त्या ‘हो’ म्हणाल्या. त्याच दिवशी, भिकाजीच्या जोडीने ड्यूटीवर असताना, अतिरेक्यांच्या गोळ्यांनी ते गेले.

आता त्या हल्ल्यावर सिनेमा आला होता. सून पेपरातलं परीक्षण वाचत होती. “साडेचार तारे, आई! ‘जोडीदाराला टाकून पळणारा हवालदार खराखुरा उतरलाय.’ म्हणजे भिकाजीकाका?”

“खराखुरा!” संकष्टीच्या मोदकाला कळ्या पाडताना कुमुदताई हसल्या. “दंडात गोळी असताना त्यानेच ह्यांना पाठीवर घालून दवाखान्यात नेलं. तारे वाटणारा तेव्हा कुठल्या पाळण्यात होता?”

“सगळी चाळ हसतेय काकांना. दोन दिवस दार उघडलेलं नाही.”

मोदक उकडल्यावर कुमुदताईंनी पहिला डबा भरला, त्या परीक्षणाची घडी घालून गरम डब्याखाली धरली आणि उपाशीपोटीच त्या भिकाजीचा जिना चढू लागल्या.