बिनभोकाचा डबा

बहात्तरच्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या गच्चीवर गोपिकाचं लिंबू फळांनी नुसतं लगडलं होतं. तिनं लावलेलं पहिलंच झाड, तेही रॉकेलच्या डब्यात. शेजारच्या जयवंताबाई कौतुकानं पाहायला आल्या आणि सवयीनं त्यांनी डबा तिरपा करून बूड पाहिलं.

"काहून वं, खाली भोकं नाही पाडली?"

"पाडा लागतात?" गोपिका ओशाळली. "मले माहीतच नव्हतं."

"अन् पाणी?"

"दिवाळीपासून रोज बादलीभर टाकून राहिली मी. सगळं पिऊन घेते."

जयवंताबाईंनी डब्याखाली हात फिरवून पाहिला. बूड गंजलेलं नव्हतं, खालची फरशी कोरडी ठणठणीत होती आणि डब्यातल्या मातीला भेगा पडल्या होत्या. एवढं पाणी गेलं कुठं?

"माह्यासमोर टाक बरं."

गोपिका तांब्या भरून डब्याशी वाकली. तेवढ्यात मातीतून आवाज आला. कुणीतरी घोट घेतल्यासारखा.

"मी अजून ओतलं नाही, बाई," ती पुटपुटली.

तांब्या हातात सरळ होता. आतलं पाणी मात्र घोटाघोटानं खाली चाललं होतं.

तळ दिसला तरी आवाज थांबला नाही, आणि गोपिकाची जीभ टाळूला चिकटू लागली.