फरशीवरची गोगलगाय

"इथे एखादी गोगलगाय मिळेल का?" तपासनीस बाईंनी विचारलं, आणि सुनेच्या हातातल्या कपबशा किणकिणल्या.

"एखादी?" सासरे हसले. "अहो, स्वतःचं घर पाठीवर, तरी मुक्काम आमच्याच भिंतीवर!"

कारखान्यामागची ती भिंत बारमाही ओली. वरपासून खालपर्यंत शेवाळाचा हिरवा गालिचा, आणि मधोमध आकड्यांवर टांगलेली एकच दगडी फरशी, नुकत्याच न्हालेल्या बाळासारखी लख्ख. तिला सासऱ्यांनी गेल्या पावसाआधी शेवाळ अडवणारा आपला बिनविषारी लेप दिला होता. लेप असा, की दिलेला डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हापासून एकच दंडक: फरशीला कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा वाऱ्यानेच पुसायची.

बाई हो म्हणाल्या, तर गावाच्या पाण्याच्या टाकीला हा लेप लागणार. नाही म्हणाल्या, तर कारखान्याला कुलूप.

"शेवाळ धरत नाही, ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण विष घालून शेवाळ कुणीही मारेल. गोगलगायीला फसवता येत नाही."

सुनेने कपबशा घाईने पुढे केल्या.

विषारी रंगाच्या वाफांनी सासऱ्यांचा धाकटा भाऊ गेला होता. तेव्हापासून म्हाताऱ्याने या लेपाचा ध्यास घेतला. पण आधीच्या दोन्ही फरश्या हिरव्या पडल्या. दोन्ही वेळा ते भिंतीकडे तोंड करून नुसते बसून राहिले, जेवायलाही उठेनात. ते तिला बघवलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांची पाठ वळताच तिने लेपात मोरचुदाचं पाणी ओतलं. मोरचुदाने शेवाळ मरतं. गोगलगायही मरते.

"ऊन चढलंय बाई, आता कुठली गोगलगाय? आधी चहा घ्या."

"चहा कुठे पळतोय, सूनबाई?" म्हणत सासरे स्वतःच वाकले. पानांखालून त्यांनी एक गोगलगाय अलगद उचलली. त्यांच्या नखांत हिरवं भरलं होतं. सकाळपासून तण उपटत असतील, तिला वाटलं.

त्यांनी ती फरशीवर ठेवली. गोगलगाय शंखात शिरली.

वरच्या पाइपातून थेंब गळत होता, तेवढाच आवाज.

"बाबा, मला काहीतरी..."

"गप्प उभी राहा." आवाज मऊ होता, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

एक शिंग बाहेर आलं. मग दुसरं. गोगलगाय हलली, आणि चांदीचा धागा ओढत, रमतगमत फरशीच्या दुसऱ्या काठाने शेवाळात उतरली.

"जिंकलात, आजोबा!" बाईंनी गार झालेला चहा उभ्यानेच संपवला. "सोमवारपासून टाकी तुमची."

गाडीचा आवाज दूर गेला. सुनेने रिकामा कप उचलला. मोरचूद पावसानेच धुऊन नेलं म्हणायचं! म्हणजे शेवाळ अडवलं ते बाबांच्या लेपानेच. हसू आणि रडू एकदमच आलं.

"बाबा, तुमचा लेप खरंच..."

सासऱ्यांनी खिशातून काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. गोगलगाय. वाळलेली, आक्रसलेली.

"ही पहाटे सोडली होती, तुझ्या फरशीवर," ते म्हणाले. "ती फरशी आत पोत्याखाली ठेवलीय. भिंतीवर टांगलीय ती दुसऱ्या खेपेची, हिरवी पडलेली. सकाळी घासली मी."